खाजगीपणा व समूहजीवन, तंत्रप्रधान समाजातील

माहितीची नोंद, साठवण व देवाणघेवाण यंत्रांच्या साहाय्याने अखंड चालू असलेल्या समाजात तीन गोष्टींचे परस्परसंबंध बदलत जातात : व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव, तिचा खाजगीपणा आणि ज्या समूहात ती राहते त्या समूहाशी असलेले तिचे नाते. या बदलांचा विचार तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र व विधिशास्त्र या ज्ञानशाखांत केला जातो. हा प्रश्न केवळ महानगरांचा व संगणकाशी नित्य संबंध येणाऱ्या सुशिक्षित वर्गाचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. तथापि भारतातील या विषयाच्या इतिहासातील काही ठळक घटना खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार या जिल्ह्यांच्या प्रदेशात घडलेल्या आहेत. त्यामुळे या प्रश्नाची अंगोपांगे समजून घेण्यास हा प्रदेश विशेष उपयुक्त ठरतो.

संकल्पना : मराठीतील ‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ हा शब्द ‘खास’ या अरबी-फार्सी शब्दापासून आला असून मराठेशाहीत राज्यकर्त्याच्या वा सरदाराच्या स्वतःच्या मालमत्तेस व तिच्या कारभारास अनुलक्षून तो वापरला जाई. होळकरांची ‘खासगी’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. म्हणजे इतरांनी ज्यात हात घालू नये असे क्षेत्र बाळगणे, हा मुळात सत्ताधाऱ्यांचा विशेषाधिकार होता. सामान्य माणसालाही असे क्षेत्र असावे, ही कल्पना आधुनिक आहे. १८९० मध्ये सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या अमेरिकन विधिज्ञांनी हार्व्हर्ड विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात लिहिलेल्या लेखात ती प्रथम सुसंगतपणे मांडली गेली. झटपट छायाचित्रे घेणारा कॅमेरा व खपासाठी लोकांच्या घरगुती गोष्टी छापणारी वृत्तपत्रे हे त्या लेखाचे निमित्त होते. खाजगीपणाचा विचार आरंभापासूनच तंत्रविद्येशी निगडित आहे, हे यावरून दिसून येते.

खाजगीपणा आणि गुप्तता यांत भेद करणे आवश्यक आहे. गुप्ततेत एखादी गोष्ट लपविली जाते. खाजगीपणात ती कोणाला, किती व कोणत्या प्रयोजनासाठी कळावी हे ठरविण्याचा अधिकार अभिप्रेत असतो. रुग्ण वैद्याला आपला आजार सांगतो, तेव्हा तो गुप्त राहत नाही; पण वैद्याने तो बाजारात सांगितल्यास रुग्णाच्या खाजगीपणाचा भंग होतो. माहिती ज्या संबंधात दिली गेली त्या संबंधाबाहेर तिने जाऊ नये, हे खाजगीपणाचे मर्म होय.

पारंपरिक समूहजीवन : खानदेशातील गावगाड्यात आजच्या अर्थाने खाजगीपणा फारसा नव्हता. घराचा ओटा, गावचा पार, चावडी व पाणवठा या ठिकाणी प्रत्येकाचे येणे-जाणे, देणे-घेणे, सोयरीक व भांडण यांची चर्चा होत असे. श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाईची स्थापना होते. तिच्या रोटांचा नैवेद्य भाऊबंदांनी एकत्र येऊन करावयाचा असतो. त्यासाठी परगावी गेलेली मंडळीही परततात. अशा प्रसंगी कोण आले, कोण आले नाही व का आले नाही, हे सर्वांना ठाऊक असते. या जाणण्याची दोन वैशिष्ट्ये होती. जाणणारा व ज्याच्याविषयी जाणले जाई तो, हे दोघेही परस्परांना ओळखत. म्हणून चहाडी करणाऱ्यास उद्या त्याच माणसासमोर उभे राहावे लागे. शिवाय लोकांची स्मृती क्षीण होत असल्याने चुका कालांतराने विसरल्या जात.

तथापि या समूहजीवनाचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. समूहाची नजर सर्वांवर सारख्या प्रमाणात नव्हती. स्त्रिया, विधवा व कनिष्ठ मानलेल्या जाती यांच्यावर ती अधिक कठोर होती. जातपंचायतींनी घातलेले बहिष्कार हे तिचे उग्र रूप होय. त्यांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्र शासनास २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम संमत करावा लागला. अनेक तरुणांना व विशेषतः तरुणींना शहरातील अनोळखीपणा सुटकेसारखा वाटतो, त्याचे कारण या इतिहासात आहे.

स्वतंत्र खोली नसलेल्या घरांतही अंतर्मुख होण्यास वाव नव्हता असे मात्र नाही. तो वाव जागेपेक्षा वेळेत शोधला जाई. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते; घरकाम व शेतकाम करताना त्यांना ओव्या सुचत. त्यांचे चिरंजीव कवी सोपानदेव चौधरी व अन्य आप्तांनी त्या टिपून ठेवल्या आणि १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. मनाच्या चंचलतेचे त्यांनी केलेले चित्रण मराठीत अजोड मानले जाते. भरल्या घरातील कष्टांच्या मध्यभागी राहूनही मन स्वतःकडे पाहू शकते, याचा तो पुरावा आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भावे यांनी दर रविवारी सहबंद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले व साने गुरुजींनी ते लिहून घेतले. गीता प्रवचने हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. पहाऱ्याखालील, एकांताला जागा नसलेल्या बराकींमध्ये आत्मचिंतन सामूहिकपणे घडले, हे येथे लक्षणीय आहे. बाह्य एकांत व आंतरिक एकांत या दोन भिन्न गोष्टी असून दुसरी पहिलीवर सर्वस्वी अवलंबून नसते.

अमळनेर येथील तत्त्वचिंतन : जाणिवेच्या स्वरूपाचा शास्त्रशुद्ध विचारही याच प्रदेशात झाला. अमळनेर (जि. जळगाव) येथील कापडगिरणीचे मालक श्रीमंत प्रताप शेठ यांच्या आश्रयाने १९१६ मध्ये तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. भारतीय, विशेषतः वेदान्त, दर्शनाचे अध्ययन हा त्याचा मुख्य हेतू होता. यंत्रोद्योगातून आलेल्या संपत्तीचा विनियोग आत्मस्वरूपाच्या विचारासाठी व्हावा, ही घटना त्या काळाची द्योतक आहे. या संस्थेशी संबंधित असलेले थोर बंगाली तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य (१८७५–१९४९) यांचा द सब्जेक्ट ॲज फ्रीडम हा ग्रंथ १९३० मध्ये अमळनेरहूनच प्रसिद्ध झाला.

भट्टाचार्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा : विषय व विषयी यांत मूलभूत भेद असून विषयी म्हणजे ‘मी’ हा कधीही विषय म्हणून, एखाद्या वस्तूप्रमाणे, जाणला जात नाही. विषयांपासून क्रमाक्रमाने अलिप्त होत जाणे हेच विषयीचे स्वातंत्र्य होय. या क्रमाची पहिली पायरी देहाशी निगडित आहे. इतरांना बाहेरून दिसणारा देह आणि आतून अनुभवला जाणारा देह हे एकच असूनही त्यांची जाणीव वेगळी असते. हे विवेचन संगणकपूर्व काळातील असले, तरी माहितीयुगाला ते चपखल लागू पडते. बोटाचा ठसा, बुबुळाची प्रतिमा, खरेदीची यादी, फिरण्याचा मार्ग इत्यादींची नोंद कितीही सूक्ष्म केली, तरी ती नोंद विषयरूप देहाची व वर्तनाची असते. अशा नोंदींच्या बेरजेलाच व्यक्ती मानणे, ही या दृष्टीने कोटिभेदाची चूक ठरते. तिचे व्यावहारिक परिणाम पुढील घटनांत दिसून येतात.

शासकीय नोंद व देह : २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादे तालुक्यातील (जि. नंदुरबार) टेंभली या आदिवासीबहुल गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले ‘आधार’ क्रमांक ग्रामस्थांना देण्यात आले. पहिला क्रमांक मिळविणारी व्यक्ती एक ग्रामीण स्त्री होती. बारा अंकी क्रमांक, दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा व चेहऱ्याचे छायाचित्र असे या नोंदणीचे स्वरूप आहे. ज्यांच्याजवळ जन्माचा दाखला, शिधापत्रिका वा जमिनीचा उतारा नाही, अशांना शासनदरबारी ओळख मिळावी व अनुदानातील गळती थांबावी, हा तिचा घोषित उद्देश होता.

या उद्देशाचे महत्त्व समजण्यासाठी बोटांच्या ठशांचा पूर्वेतिहास लक्षात घ्यावा लागतो. ब्रिटिश अमदानीत १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्यात नोंद झालेल्यांचे ठसे घेण्याची तरतूद होती आणि नेमून दिलेल्या ठिकाणी हजेरी देणे त्यांना भाग पडे. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला. एके काळी संशयाचे चिन्ह असलेला ठसा टेंभली येथे हक्काचे चिन्ह म्हणून पुढे आला, हे स्थित्यंतर लहान नाही.

तथापि हक्क सिद्ध करण्याचा भार देहावर पडल्याने नव्या अडचणी निर्माण झाल्या. ऊसतोडणी, खडीफोड, शेतमजुरी यांसारख्या कामांत बोटांवरील रेषा झिजतात, तर वार्धक्यात त्या पुसट होतात. स्वस्त धान्य दुकानातील यंत्राने ठसा स्वीकारला नाही, की दुकानदार, तलाठी व शेजारी ज्या व्यक्तीला जन्मापासून ओळखतात तीच यंत्राच्या लेखी अनोळखी ठरते. यंत्रात नेमके साक्षीचे मोल राहत नाही. गावाने दिलेली साक्ष तेथे नोंदविता येत नाही. अशा वेळी पर्यायी पद्धतीची तरतूद असते. पण ती मागण्यासाठी आपल्या हक्काची माहिती व ती मागण्याचे धैर्य लागते. ज्यांना या व्यवस्थेची सर्वाधिक गरज असते, त्यांच्याजवळ या दोन्हींचा बहुधा अभाव असतो.

प्रतिमा व प्रतिष्ठा : १९९४ मध्ये जळगाव येथे छायाचित्रांचा धाक घालून मुली व स्त्रिया यांचे लैंगिक शोषण केल्याचे प्रकरण उघडकीस आले व राज्यभर खळबळ उडाली. त्या वेळी भ्रमणध्वनी वा आंतरजाल सर्वसामान्यांच्या हाती आलेले नव्हते. साध्या कॅमेऱ्याच्या साहाय्यानेही प्रतिमेचे शस्त्र होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा प्रकरणांत धाक दाखविणाऱ्याचे बळ कॅमेऱ्यात नसते. आपल्याच समूहाची नजर त्या स्त्रीवर कशी वळेल, या भीतीत ते असते. समूह पीडितेच्या बाजूने उभा राहणार असेल, तर प्रतिमेचा धाक निष्फळ होतो. तो तिलाच दोषी धरणार असेल, तर मौन हाच तिच्यापुढील एकमेव मार्ग उरतो. खाजगीपणाचे रक्षण केवळ कुलूपबंद दरवाजाने होत नाही, समूहाच्या नैतिक वृत्तीवरही ते अवलंबून असते, हा या प्रकरणाचा समाजशास्त्रीय अर्थ होय. विधिनियमांत अशा कृत्यांची स्वतंत्र दखल पुष्कळ उशिरा घेतली गेली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने, तर भारतीय दंडसंहितेत २०१३ च्या दुरुस्तीने, परवानगीवाचून खाजगी अवस्थेतील छायाचित्रण करणे व ते पसरविणे हे अपराध ठरले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद आहे.

अफवा व समूह : १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, साक्री तालुक्यातील (जि. धुळे) राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच पुरुषांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. भिक्षेसाठी फिरणाऱ्या या माणसांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारहाण करण्यात आली. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या असल्याचे संदेश व चित्रफिती त्या काळात व्हॉट्सॲप या संदेशवहन सेवेद्वारा देशाच्या अनेक भागांत पसरत होत्या. त्याच सुमारास मालेगाव (जि. नासिक) येथेही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले, तेथे मात्र वेळीच हस्तक्षेप झाल्याने त्या कुटुंबाचे प्राण वाचले.

राईनपाड्याच्या घटनेचे स्पष्टीकरण ‘अशिक्षितांचा अंधविश्वास’ एवढ्यावर करता येत नाही, कारण अशाच अफवांवरून त्याच वर्षी सुशिक्षित व नागरी वस्तीतही हत्या घडल्या. ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने येथे प्रमाणाचा प्रश्न उद्भवतो. न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले. पण ज्याला विषयाचे यथार्थ ज्ञान आहे व जे आहे तसे सांगण्याची ज्याची इच्छा आहे, अशा आप्त पुरुषाच्याच शब्दाला ते स्थान दिले. पुढे पाठविलेल्या संदेशात मूळ वक्ता अदृश्य असतो. ज्याच्याकडून तो मिळतो तो मात्र मामा, मेहुणा वा शेजारी असतो. मूळ वक्त्याविषयी काहीच ठाऊक नसताना निरोप्यावरील विश्वास त्या शब्दाला चिकटतो. अशा रीतीने ज्या आपुलकीवर समूह उभा असतो तीच अफवेचे वाहन बनते. पूर्वीच्या अफवाही तोंडोतोंडीच पसरत. पण त्यांना गावागणिक थांबे होते व प्रत्येक थांब्यावर कोणीतरी ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारण्याची शक्यता होती. आता हजारो जणांना एकच मजकूर एकाच वेळी मिळतो आणि सर्वांना ठाऊक असणे हाच त्याच्या खरेपणाचा पुरावा मानला जातो.

दुसरा भाग परक्याविषयीचा आहे. गोसावी, वासुदेव, नंदीवाले, बहुरूपी यांसारखे फिरस्ते हे पारंपरिक ग्रामजीवनात ठरलेल्या हंगामात येणारे पाहुणे असत. गाव त्यांना नावाने नव्हे, तरी वेषाने व गाण्याने ओळखी. परक्याची विचारपूस पाटील करी. ही परंपरागत ओळख क्षीण झाल्यावर वेष हाच संशयाचे कारण झाला. टेंभलीपासून फार दूर नसलेल्या राईनपाड्यात आठ वर्षांनंतर हे घडले. देशातील जवळजवळ प्रत्येक प्रौढाला क्रमांक मिळण्याच्या त्या काळात ओळखपत्र वाढले, ओळख मात्र घटली, असे याचे सार सांगता येईल.

विधी व न्यायनिर्णय : भारतीय संविधानात खाजगीपणाच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख नाही. १९५४ व १९६२ मधील निर्णयांत सर्वोच्च न्यायालयाने असा मूलभूत हक्क मान्य केला नव्हता. ‘आधार’विरोधी याचिकांच्या सुनावणीत हा मुद्दा पुन्हा उपस्थित झाला व २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी प्रकरणी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. या हक्कावर बंधन घालावयाचे झाल्यास त्यास कायद्याचा आधार हवा, राज्याचा उद्देश न्याय्य हवा व बंधन त्या उद्देशाच्या प्रमाणात हवे, अशी कसोटी त्यात मांडली गेली. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने शासकीय अनुदानांसाठी ‘आधार’चा वापर वैध ठरविला, बँक खाते व दूरध्वनी क्रमांक यांच्याशी त्याची सक्तीची जोडणी मात्र रद्द केली. २०२३ मध्ये वैयक्तिक अंकीय विदासंरक्षणाचा अधिनियम संमत झाला.

राईनपाड्याच्या घटनेनंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला प्रकरणी जमावहत्या रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात समन्वय अधिकारी नेमण्यासह अनेक निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पाठविण्यास मर्यादा घातली व जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. २०२१ च्या नियमांन्वये संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याचे बंधन मोठ्या संदेशवहन सेवांवर घालण्यात आले. सर्वांचे संदेश सांकेतिक कुलपात असल्याने एकाचा माग काढण्यासाठी सर्वांचे कुलूप सैल करावे लागेल, या आक्षेपावरून त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले. परक्याच्या प्राणाचे रक्षण व स्वकीयांशी निर्भयपणे बोलण्याचे स्वातंत्र्य यांतील हा संघर्ष खराखुरा असून त्यापैकी एकाला क्षुल्लक मानून तो सुटणारा नाही.

मूल्यमापन : खाजगीपणा हा व्यक्तिवादाचा आविष्कार असून तो समूहजीवनास मारक आहे, असे एक मत आहे, तर समूह हा मूलतः दडपणारा असून तंत्रविद्या व्यक्तीला त्यापासून मुक्त करते, असे दुसरे मत आहे. खानदेशातील अनुभव या दोन्ही मतांना मर्यादा घालतो. टेंभली येथे यंत्र जाणते, पण ओळखत नाही. जळगाव येथे समूहाच्या नजरेच्या भीतीने प्रतिमेला बळ दिले. राईनपाडा येथे जमाव एकत्र आला, पण त्यात समूहाचे विवेकबळ नव्हते. या तिन्ही ठिकाणी माहिती ही ज्या माणसाविषयी आहे त्या माणसापासून सुटी झाली व त्याच्याविरुद्ध वापरली गेली.

समूह आणि जमाव यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. समूहात प्रत्येकास नाव असते, म्हणून दायित्वही असते. जमावात दोन्ही लोपतात. मिळालेली वार्ता व तिच्यावरून होणारी कृती यांमध्ये क्षणभर थांबून ती तपासण्याचे काम व्यक्तीची जाणीव करते आणि अशा थांबण्यासाठी जो अवकाश लागतो तो खाजगीपणा पुरवितो. ज्याला स्वतःशी बोलण्यास अवसर नाही, तो इतरांचे बोलणे पारखू शकत नाही. या अर्थाने खाजगीपणा ही समूहाच्या आरोग्याची पूर्वअट होय. विधिनियम व तांत्रिक मर्यादा हे त्याचे आवश्यक संरक्षक आहेत. परंतु अहिराणी, भिली, पावरी यांसारख्या बोलींतून होणारे लोकशिक्षण, यंत्राने नाकारलेल्या माणसासाठी ग्रामसभेची साक्ष ग्राह्य धरणारी व्यवस्था आणि दारी आलेल्या परक्याला हात लावण्यापूर्वी ‘कोण, कोठले?’ असे विचारण्याची जुनी रीत, यांवाचून ते अपुरे पडतात.